फेल होणं बंद

आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या काकांइतका अपयशाचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या आखातात सापडणार नाही, आणि अपयशाला त्यांच्याइतकं कस्पटासमान लेखणारा माणूसही सापडणार नाही. हे दोन्ही एकाच माणसात कसं नांदायचं हे कळायला मला काही वर्षं लागली. सोमवार ते शुक्रवार ते रुवैसच्या रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर असायचे. म्हणजे काय फुटू शकतं, काय गळू शकतं, काय पेटू शकतं आणि काय कोणाच्या डोक्यावर पडू शकतं, याचा दिवसभर विचार करण्याचा त्यांना पगार मिळायचा. शुक्रवारी संध्याकाळी वाळवंट तुडवत शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आले, की हातातली बॅग खाली ठेवायच्या आत समोर दिसेल त्याला विचारायचे, "समजा, फेल होणं बंद झालं. पूर्ण खलास. आता बोल, काय करशील?"

हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तेव्हा मला पुण्याहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. कामाच्या बुटांतला, खिशाला तीन पेनं लावलेला एक उंच, सडपातळ गृहस्थ माझ्याकडे अतिशय प्रेमाने बघत होता. त्याने आधी "मराठी का?" विचारलं, मग "लिफ्ट बंद पडली तर पॅनिक होतोस का?" विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर, जणू पात्रता परीक्षेत पास झालो म्हणून, मुख्य प्रश्न विचारला. मी गडबडून म्हणालो, "पोहायला शिकेन." खरं तर मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोललो. आमच्याकडे लहानपणी विहिरीत ढकलणारे मामा नव्हते, त्यामुळे ते राहून गेलं होतं, इतकंच.

शनिवारी सकाळी सहाला बेल वाजली. दारात काका. गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोर, एका हातात लाइफ जॅकेट आणि दुसऱ्या हातात तीन पानांचा छापलेला कागद. गच्चीवरच्या पूलवर मी छातीभर पाण्यात उभा राहिल्यावर त्यांनी काठावरून तो कागद वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर मला शंका आली. "काका, तुम्हाला येतं ना पोहता?" "छे! येत असतं तर तुला काय काय होऊ शकतं ते इतक्या बारकाईने सुचलं असतं का?" त्या उन्हाळ्यात मी निम्मा पूल प्यायलो. पण आज मला पोहता येतं. वाईट पोहतो, कडेकडेने पोहतो, पण बुडत नाही.

त्यांची सेफ्टी घरीही सुटायची नाही. पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याऐवजी आमच्या स्वयंपाकघरात शिरून गॅसच्या नळीला चाचपडत राहिले. "ही कधीची?" माझ्या बायकोने सांगितलं, आम्ही आलो तेव्हापासूनची. काका वरण-भात जेवले खरे, पण प्रत्येक घासागणिक मान वळवून त्या नळीकडे बघत जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नवी घेऊन आले. हॉटेलात ते नेहमी बाहेर पडायच्या दाराजवळचं टेबल धरायचे. गणपतीत आमच्याकडे आरतीला पंचवीस माणसं जमली, तर टाळ वाटायच्या आधी त्यांनी सगळ्यांना हात मागे बांधून उभं केलं आणि निरांजन पडद्यापासून किती लांब हवं, कापूर कोणी धरायचा, नऊवारी नेसलेल्यांनी कुठे उभं राहायचं, यावर चार मिनिटांचं भाषण दिलं. त्या दिवशी 'सुखकर्ता' म्हणताना सगळ्यांचे डोळे कापरावर होते. आणि बिल्डिंगचा फायर अलार्म! तो आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी फोडणीने वाजायचा आणि सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे. काका मात्र पासपोर्टची पिशवी आणि काकू घेऊन चौदा मजले जिना उतरायचे. एकदा त्यांना खाली दोघांनीच उभं राहायचा इतका राग आला की परत वर चढून प्रत्येक मजल्यावर दारं बडवत आले. "यल्ला, यल्ला! चहा नंतर प्या!" सातव्या मजल्यावरच्या सिरियन कुटुंबाला 'चहा नंतर प्या' म्हणजे काय ते कळलं नाही, पण ते उतरले. आम्ही दीडशे माणसं भर उन्हात खाली उभे, आणि शेवटी कळलं की पाचव्या मजल्यावर कोणीतरी मेथी जाळली होती. काका खूश. "ड्रिल छान झालं," म्हणाले.

असा हा माणूस शनिवार-रविवारी लोकांना म्हणायचा की धोका नाहीच असं समज. मी एकदा त्यांना विचारलं, "हे कसं जमतं?" तर म्हणाले, "अरे, पाच दिवस मी काय बिघडेल तेच बघतो. दोन दिवस तरी मला काय होईल ते बघू दे की." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला मल्याळी मालक म्हणाला होता, हेलिकॉप्टर चालवेन. काकांनी त्याला हेलिकॉप्टर कसं उडतं यावरचं पुस्तक आणून दिलं आणि पुढे महिनोन् महिने दूध घेताना त्याची तोंडी परीक्षा घेतली. माझी मुलगी ईरा तेव्हा सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "आय वुड लिव्ह इन अ ट्री." शारजात झाड कुठून आणणार? काकांनी बाल्कनीत कुंडीतल्या अशोकाशेजारी चटई टाकली आणि दोघं दुपारभर तिथे 'राहिले'.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो एसीवाला. संगमेश्वरकडचा, पन्नाशीचा माणूस. जुलैत काकांचा एसी उघडून शिडीवर उभा असताना काकांनी त्यालाही प्रश्न टाकला. त्याने हातातला पाना खिशात घातला. मग म्हणाला, "सायेब, बायकोला पत्र लिवीन. फोनवर रोज बोलतो, पन फोनवर भाजी काय केली, पोरं शाळेत गेली का, येवढंच होतं. मनातलं ऱ्हातं. लिवायला घेतलं तर हसंल ती." काका म्हणाले, "हसणार नाही. फेल होणं बंद आहे ना?" त्याला शिडीवरून उतरवलं, जेवणाच्या टेबलाशी बसवलं, कागद दिला. एसी तसाच उघडा. काकू पदराने वारा घेत शेजारच्या खुर्चीवर. दोन तासांत त्याने सहा ओळी लिहिल्या. काकांनी त्या वाचल्या नाहीत, पाकीट चिकटवलं आणि स्वतः पोस्टात टाकलं. पुढच्या महिन्यात तो माणूस काही काम नसताना वर आला. बायकोने पत्र वाचून त्याच्या भावाला फोन केला होता, "ह्यांना बरं नाय का? असं काय लिवलंय?" मग दोन दिवसांनी तिने ते पुन्हा वाचलं आणि त्याला फोन करून नुसतीच गप्प बसली. "सायेब, पाच मिन्टं बोलली नाय," तो हसत म्हणाला, "पन फोन ठेवला पन नाय."

हे सगळं काकू बघत असायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. मुलगी बंगळुरूला नोकरीला गेल्यापासून आठवड्याचे पाच दिवस चौदाव्या मजल्यावर एकट्याच. आमच्याकडे यायच्या, ईराचा गृहपाठ बघायच्या, आणि तिचं गणित चुकलं की खोडायच्या नाहीत, नुसतं बोट ठेवून म्हणायच्या, "इथे परत एकदा ये." काकांनी जगाला प्रश्न विचारला होता, पण काकूंना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

विचारलं ते ईराने. एका शनिवारी दुपारी आमच्याकडे पावभाजी होती. काका कोणाची तरी गोष्ट रंगवून सांगत होते आणि ईरा मध्येच काकूंकडे वळून म्हणाली, "आजी, व्हॉट अबाउट यू? इफ यू कान्ट फेल?" काकूंनी हातातला पाव ताटलीत ठेवला. म्हणाल्या, "मी परत वर्गावर जाईन."

कुठला वर्ग, माझ्या बायकोने विचारलं. मग हळूहळू कळलं, की लग्नाआधी चार वर्षं काकू सांगलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा राजीनामा दिला होता. "सातवी ब," त्या म्हणाल्या. "पन्नास मुली होत्या. अपूर्णांक अर्धवट राहिले होते माझे."

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. आमचे काका, ज्यांनी किराणावाल्याला हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं ठरवलं होतं, त्यांनी घसा खाकरला आणि बोटांवर धोके मोजायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची गॅप. तुझं शिक्षण मराठी मीडियम, इथे सगळं इंग्लिश. बी.एड.चं सर्टिफिकेट सांगलीला ट्रंकेत. त्याचं अॅटेस्टेशन, म्हणजे सरकारी शिक्के. वय चोपन्न. इथली मुलं म्हणजे काय, तोंडावर बोलतात. स्मार्ट बोर्ड. ट्रॅफिक. तुझे गुडघे. नऊ झाले. दहाव्याला काकूंनी विचारलं, "त्या एसीवाल्याला तुम्ही किती सांगितले होते?"

काकांचं बोट हवेतच राहिलं. काकू उठल्या, स्वतःची ताटली विसळली, माझ्या बायकोला "भाजी छान झाली होती गं" म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. जिन्याने. दोन मजले, त्याच गुडघ्यांनी.

रविवारी सकाळी काका आमच्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी चुकलो का रे?"

"हो," मी म्हणालो.

"रिफायनरीत टाकीवर चढणाऱ्या परक्या माणसाबद्दल मला भीती वाटत नाही," ते म्हणाले. "त्याला मी पट्टा बांधतो. हिला काय बांधू? तिथे वर्गात सगळ्यांसमोर ती अडली, आणि घरी येऊन पुन्हा गप्प झाली, तर?" मग चष्मा पुसत म्हणाले, "आधीच किती गप्प असते."

माझी बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काका, त्या गप्प नसतात. तुम्ही घरी असता तेव्हा बोलायला जागा नसते." एवढं स्पष्ट बोलल्यावर ती स्वतःच घाबरली. पण काकांनी दोनदा मान हलवली, चहा संपवला आणि कामाला लागले. ते कामाला लागले म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगता येणार नाही. सांगलीची ट्रंक काकूंच्या बहिणीने उघडली, सर्टिफिकेटं मुंबईला गेली, शिक्के घेऊन परत आली. काकांनी प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि वेगवेगळ्या घरी ठेवल्या, आग लागली तर असाव्यात म्हणून. एक संच अजूनही आमच्याकडे आहे.

राहिला सराव. काकू आमच्या जेवणाच्या खोलीत पांढरा बोर्ड लावून इंग्लिशमधून शिकवायच्या आणि रुवैसच्या क्वार्टर्समधून काका व्हिडिओ कॉलवर विद्यार्थी व्हायचे. पहिल्या आठवड्यात ते एकटे होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यामागे एक मल्याळी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर दिसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा दाढीवाले टेक्निशियन दाटीवाटीने बसून अपूर्णांकांचा भागाकार शिकत होते, आणि एक इजिप्शियन क्रेन ऑपरेटर रोज तोच प्रश्न विचारायचा, "मॅडम, हबीबी, व्हाय वी टर्न इट अपसाइड डाउन?" काकूंना आधी उत्तर देता येईना, म्हणजे मराठीत यायचं, इंग्लिशमध्ये अडायचं. चौथ्या दिवशी त्यांनी ते त्याला असं समजावलं की तो टाळ्या वाजवायला लागला. त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे बसून अर्धा तास बोलत होत्या. मी त्यांचा इतका सलग आवाज कधी ऐकला नव्हता.

पहिल्या शाळेने डेमो लेसनला बोलावलं. काकांनी रजा काढली. काकूंना गेटवर सोडून ते बाहेर पाण्याची बाटली, इलेक्ट्रॉल, छत्री आणि ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन उभे राहिले. पंचेचाळीस मिनिटांनी काकू बाहेर आल्या, गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "नापास."

स्मार्ट बोर्ड चालू झाला नव्हता. एका मुलीने त्यांचा एक इंग्लिश शब्द सुधारला, वर्ग हसला, आणि काकू खडू शोधत राहिल्या. तिथे खडू नव्हताच. उरलेला वेळ त्या फळ्याकडे तोंड करून बोलत राहिल्या होत्या. पुढचं मला काकांनीच सांगितलं. "अरे, माझ्याकडे सगळ्याची तयारी होती. चक्कर आली तर काय, पाय मुरगळला तर काय. आणि ही नापास म्हणाली तर काय बोलायचं, तेच मी लिहून ठेवलं नव्हतं. मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो. तर ही म्हणते, भूक लागलीये. कॅफेटेरियाशी गाडी थांबवली, हॉर्न वाजवून पोऱ्याला गाडीशीच बोलावलं, कडक चहा आणि पराठे मागवले. ही सांगायला लागली, फळ्याशी काय झालं, खडू कसा शोधला, आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मग परत हसली. मला वाटलं होतं, फेल झाली तर ही मोडेल." ते थांबले. "दोन पराठे खाल्ले तिने. माझ्यातला अर्धा पण."

दुसऱ्या शाळेने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या शाळेत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती, तीन महिन्यांसाठी माणूस हवं होतं. या वेळी काकूंनी काकांना सांगितलं, "तुम्ही नका येऊ. मी टॅक्सीने जाते." आणि वाटेत बेकरीतून चार खुबूस, म्हणजे इथल्या गोल अरबी रोट्या, घेतले. वर्गात गेल्यावर त्यांनी बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. मुलांना टेबलाभोवती जमवलं, एक खुबूस काढला, अर्धा केला, अर्ध्याचे तीन तुकडे केले आणि विचारलं, "हाऊ मच इज धिस?" त्यांच्या इंग्लिशमधल्या चुका त्या दिवशीही झाल्या असणारच. पण तोपर्यंत सातवीची मुलं एकषष्ठांश आणि एकद्वादशांश खाण्यात दंग होती. परीक्षक म्हणून बसलेल्या बाईंनीही एक अष्टमांश घेतला म्हणतात. दोन दिवसांनी फोन आला. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं, आणि मग शाळेने काकूंना कायम करून टाकलं.

काकांच्या प्रश्नात मात्र त्यानंतर फरक पडला. कधी पडला ते मी नेमकं सांगू शकत नाही. एकदा लिफ्टमध्ये नव्या आलेल्या एका नागपूरकर जोडप्याला ते विचारत होते, "मग? काय करायचंय?" पुढचं काहीच नाही, समजाबिमजा गाळून टाकलेलं. त्या बिचाऱ्या मुलाला वाटलं, काका विचारतायत की कितवा मजला दाबू. "नववा," तो म्हणाला.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. कंपनीचा व्हिसा गेला. आता राहायचं तर कोणाच्या तरी स्पॉन्सरशिपवर राहायला हवं. मीच दोघांना व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता विचारलं, "स्पॉन्सर कौन है?" काकांनी छाती पुढे काढून शेजारी बसलेल्या काकूंकडे हात केला. "मॅडम. मॅथ्स टीचर." "और आप?" "मैं डिपेंडंट," काका म्हणाले, आणि इतक्या अभिमानाने म्हणाले की मागच्या रांगेतला एक पाकिस्तानी ड्रायव्हर त्यांना "मुबारक हो" म्हणाला.

परवा मला सुट्टी होती. बुधवारची दुपार. मी काही कामाने वर गेलो. काकांनी दार उघडलं. अंगात एप्रन, घर लख्ख, काकूंचा दुसऱ्या दिवशीचा कुर्ता इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला लावलेला. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी पांढरं दिसत होतं, त्यावर एकही होडी नव्हती. आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"सकाळी पावणेसातला जाते," ते म्हणाले. "दोनपर्यंत माझी कामं संपतात. मग हे घर फार मोठं होतं रे. मी तीनदा घड्याळ बघतो. रुवैसला असताना मला वाटायचं, मी लांब, एकटा आहे आणि ही आपली घरी आहे." त्यांनी खुर्चीवरच्या कुर्त्याची बाही उगाचच सरळ केली. "एकवीस वर्षं. आठवड्याचे पाच दिवस. जगाला विचारत हिंडलो, आणि हिला एकदाही विचारलं नाही, दुपारी काय करतेस म्हणून."

मी म्हणालो, "आता विचारा."

"विचारतो की. रोज विचारतो. आता तिला वेळ नसतो सांगायला." आणि ते हसले. त्या हसण्यात तक्रार नव्हती. उलट, आपला माणूस कामाचा झालाय हे चारचौघांत सांगताना असतो तसा एक ताठा होता.

तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. काकूंची किल्ली काकूंच्या पर्समध्ये असते. तरी काका उठले, आधी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि मग, एप्रनला हात पुसत, दार उघडायला गेले.